न फटफटणारी फटफटी

आमच्या लहानपणी मोटारसायकलला फटफटी म्हणत. वाईला आमच्या आळीत ती एकाच गृहस्थांकडे होती, आणि ते घाटावरून निघाले की आईला हातातले काम टाकून चहाचे आधण ठेवण्याइतका अवधी मिळे. नाव आवाजावरून पडले ते असे. गेली चार वर्षे माझ्याजवळ जी गाडी आहे, ती मात्र फटफटत नाही. विजेवर चालते. तिच्या कारखानदारांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण बोट दाबले की पेट्रोलच्या गाडीसारखा आवाज काढणारा एक कर्णा त्यांनी तिच्यात बसवून दिला आहे. मी तो आठवडाभर वाजवून पाहिला. मग घरातून विचारणा झाली, "अहो, सगळ्यांना कळावं म्हणून घेतलीय का गाडी?" तेव्हापासून तो बंद आहे.

वर्षभर या सदरात मी इतरांच्या निर्णयांवर टीकाटिप्पणी करीत आलो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी चार पाने जास्त दिली आहेत, तेव्हा या खेपेस स्वतःचाच एक निर्णय वाचकांपुढे मांडतो. विषय साधा आहे. विजेची एक मोटारसायकल घरी असताना ती देऊन दुसरी, मोठी, विजेचीच घ्यावी की घेऊ नये? पाडव्याच्या मुहूर्तासाठी मी शोरूममध्ये नाव नोंदवून ठेवले होते. पाडवा जसजसा जवळ येत गेला तसतशी माझी झोप कमी होत गेली.

माझी गाडी रिव्होल्ट आरव्ही ४००. २०१९ साली ही बाजारात आली, मी २०२१ च्या पावसाळ्यात घेतली. बॅटरी ३.२४ युनिटांची. युनिट म्हणजे तेच, जे महावितरणच्या बिलात छापलेले असते. पेट्रोलच्या टाकीचे जसे लिटर, तसे बॅटरीचे युनिट. गाडीला तीन चाली आहेत. पहिल्या चालीत ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाते आणि कागदावर १५० किलोमीटर अंतर काटते. दुसऱ्या चालीत ताशी ६५, अंतर १००. तिसरीत ताशी ८५, अंतर ८०. हे कागदाचे आकडे. रस्त्यावर ते उतरतात, सगळ्याच गाड्यांचे उतरतात, कारण तपासणीच्या यंत्रावर समोरचा वारा नसतो आणि मागच्या सीटवर तांदळाची पिशवी नसते. त्यात बॅटरीचे वय. चार वर्षांत तिने दहाएक टक्के धारणा गमावली असावी असा माझ्या वहीतल्या नोंदींवरून अंदाज आहे. तेवढी मीही गमावली आहे. तक्रार करीत नाही.

या गाडीचा मोठा गुण म्हणजे बॅटरी काढता येते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली गाड्या लावतो तिथे साधा प्लगही नाही. तेव्हा दर दोन दिवसांनी बॅटरी काढायची, कडी धरून चोपन्न पायऱ्या वर न्यायची, दिवाणखान्यात भरायची आणि सकाळी खाली आणायची. वजन सुमारे १९ किलो. मी एकदा हिशेब केला होता, की १९ किलोचा भार नऊ मीटर उचलायला युनिटाचा दोन हजारावा हिस्सासुद्धा लागत नाही. हा हिशेब मी गुडघ्याला अनेकदा सांगून पाहिला.

गाडी बदलण्याचा विचार मात्र गुडघ्यामुळे आला नाही. तो आला गेल्या माघातल्या एका रात्रीमुळे.

माझी थोरली बहीण, आक्का, वाईला एकटीच असते. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याला येऊन राहा म्हटले की म्हणते, "तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मला चढवणार कोण? तुझी ती बॅटरी उचलतोस तशी उचलशील का?" त्या रात्री अकराच्या सुमारास तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली आहे, हात दुखावला आहे, दवाखान्यात नेत आहोत, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर माणूस जे करतो ते मी केले. चपला घातल्या आणि खाली धावलो. गाडीच्या काचेवर आकडा होता ४२ टक्के.

आता हे ४२ टक्के का, तर माझ्या शहाणपणामुळे. लिथियमची बॅटरी सदा काठोकाठ भरून ठेवली किंवा अगदी रिकामी पडू दिली, तर लवकर थकते. अर्ध्याच्या आगेमागे ठेवली तर पुष्कळ टिकते. हे शास्त्र खरे आहे. मी ते वाचले होते आणि कंजूष माणसाच्या निष्ठेने पाळत होतो. गाडी मुक्कामाला असली की चाळीस-पन्नास टक्क्यांवर. पुणे ते वाई सुमारे ९० किलोमीटर. ४२ टक्क्यांत मी कापूरहोळपर्यंत गेलो असतो, फार तर पुढे थोडा. बॅटरी वर आणली, लावली, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. या बॅटऱ्यांचा स्वभाव असा, की पाऊणशे टक्क्यांपर्यंत त्या भराभर भरतात आणि शेवटचा पाव भाग पाहुण्याने आग्रहाची जिलबी खावी तसा सावकाश घेतात. दोन वाजता ती भरली. त्या वेळी निघायचे तर खंबाटकीचा घाट ट्रकांच्या रांगेतून, ताशी ४५ च्या चालीने. घरातून म्हणाल्या, "आता तुम्ही पडलात तर आक्कांनी तुमच्याकडे यायचं का?" पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने स्वारगेटहून गेलो. आक्काच्या मनगटाला प्लॅस्टर घालून झाले होते आणि ती दवाखान्यातल्या मुलीला भाकरी कशी थापायची हे एका हाताने समजावत होती. मला पाहून म्हणाली, "तुझी गाडी कुठाय?"

हा प्रश्न मला लागला. पुण्याला परतलो तो मोठी बॅटरी घ्यायची असे ठरवूनच.

२०२२ सालीही एकदा मोह झाला होता. त्या वर्षी २६ जानेवारीला आपल्या पुण्याच्याच टॉर्क कंपनीने क्रेटॉस नावाची मोटारसायकल जाहीर केली. बॅटरी ४ युनिटांची. या मंडळींची एक गोष्ट मला फार आवडते. २००९ साली इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटारसायकलींची पहिलीच शर्यत झाली, तीत पुण्याच्या कपिल शेळके यांच्या चमूने बनवलेली गाडी खुल्या गटात तिसरी आली होती. जगात विजेच्या मोटारसायकलींची शर्यत लावायची असे कुणाला नुकते कुठे सुचत होते, तेव्हा आपले पोर तिथे हजर! पण सव्वातीनाची चार युनिटे झाल्याने माझा वाईचा प्रश्न सुटत नव्हता, जेमतेम सैल होत होता. तेव्हा राहिले.

आता मात्र डोळ्यांपुढे होती बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ ७७. हिची पहिली आवृत्ती २०२२ च्या नोव्हेंबरात आली, सुधारलेली २०२४ च्या एप्रिलात, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपरस्ट्रीट नावाची एक आली, जिचे हँडल उंच आहे. आधीच्या आवृत्त्यांवर बसायचे म्हणजे घोडेस्वाराने घोड्याच्या कानात काही सांगायला वाकावे तसे बसावे लागे. माझ्या वयाला घोड्याशी गुजगोष्टी झेपत नाहीत. सुपरस्ट्रीटवर मी ताठ बसलो आणि बरे वाटले. मोठी बॅटरी १०.३ युनिटांची, म्हणजे माझ्या तिप्पट. कागदावर ३२३ किलोमीटर. वेग ताशी १५५ पर्यंत, ज्याचा मला उपयोग शून्य. चालवून पाहिली तेव्हा दहा मिनिटांत माझे वय पंचवीस वर्षांनी खाली आले आणि शोरूमच्या दारात पुन्हा जागेवर गेले. उतारावर सोडली की मोटरच डायनामोसारखी उलटी चालते आणि चमचा-दोन चमचे वीज बॅटरीला परत करते, हे पाहून तर मन हरखले. आमच्या घराण्यात परत येणाऱ्या पैशाचे मोल फार.

घरी येऊन वही घेतली. माझ्या गाडीत आज खरी युनिटे सुमारे २.९. ताशी ५५ ने गेलो तर एका युनिटात ३० किलोमीटर जाते, म्हणजे ८७. वाईच्या वेशीबाहेर तीन किलोमीटर ढकलत न्यायची. ताशी ४५ ने गेलो तर युनिटाला ३५-३६ मिळतात, म्हणजे शंभरी गाठते. दहा किलोमीटर वेगाचा एवढा फरक का, याचे कारण वारा. वेग वाढला की वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ५० वरून ८० वर गेलात तर अडसर अडीचपट. आपण उगाच घाटाला दोष देतो. गाडी आणि मी मिळून दोनशे किलोच्या आत. सामानसुमान धरून अडीचशे म्हणा. एवढे ओझे तीनशे मीटर उंच चढवायला पाव युनिटदेखील पुरे. घाट दिसतो म्हणून आपण त्याला भितो. बॅटरी खातो तो सपाटीवरचा वारा, आणि तो दिसत नाही.

मोठ्या गाडीला महामार्गाच्या वेगाने युनिटाला २० किलोमीटर धरली तरी दोनशे होतात. जाऊन येऊन वाई, प्लगला हात न लावता! आणि मुख्य म्हणजे तिचे ४० टक्के म्हणजेच चार युनिटांच्या वर. माझ्या भरलेल्या बॅटरीहून जास्त. त्या रात्री ही गाडी खाली उभी असती तर माझ्या कंजूषपणासकट मी बाराला निघून दोनच्या आत आक्काजवळ असतो. हे वाक्य मी वहीत लिहिले आणि दोनदा अधोरेखित केले.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच बरे वाटते. मोठ्या बॅटरीची ही गाडी बाजारात आली ती ३.९९ लाखांना. मी पहिली घेतली तेव्हा केंद्र सरकार बॅटरीच्या दर युनिटामागे १५,००० रुपये सवलत देत होते. २०२३ च्या जूनमध्ये ती १०,००० झाली, २०२४ मध्ये ५,००० वर आली. आणि ही सवलत मुळात कारखान्यात दीड लाखापर्यंत किंमत असलेल्या दुचाकींनाच, तेव्हा माझ्या मनातल्या गाडीला तिचा वाराही लागणार नव्हता. जुनी विकून काही हाती येईल म्हणावे तर एक तरुण पाहायला आला. त्याने टायर दाबले, पट्टा पाहिला, आणि विचारले, "काका, बॅटरी अजून किती वर्षं चालेल?" मी प्रामाणिकपणे सांगितले, की नीट वापरली तर पुष्कळ. तो म्हणाला, "पुष्कळ म्हणजे?" पेट्रोलच्या गाडीचे इंजिन कान लावून पारखणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. बॅटरीला कान लावून काय ऐकणार? त्याने सांगितलेला आकडा मी इथे देत नाही. घरातही दिलेला नाही.

पण पैशापेक्षा मोठी अडचण निराळीच होती. मोठ्या गाडीची बॅटरी काढता येत नाही. ती गाडीच्या सांगाड्यातच बसवलेली असते. म्हणजे गाडीला प्लगकडे न्यायचे नसून प्लगला गाडीकडे आणायचे, आणि त्यासाठी इमारतीच्या सभेची परवानगी.

सभेचे वर्णन करीत बसलो तर संपादकांनी दिलेली चार पाने पुरणार नाहीत. माझी मागणी माफक होती. आमच्या सगळ्यांचे मीटर जिन्याखालच्या खोलीत आहेत. माझ्याच मीटरवरून एक वायर बाहेर काढायची, तिला स्वतंत्र ब्रेकर आणि वीज गळली तर तत्क्षणी तोडणारे यंत्र लावायचे, १६ अँपिअरचा एक प्लग कुलपाच्या पेटीत बसवायचा. बिल माझे मलाच येणार. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी भरायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची हरकत नाही. २०२२ च्या त्यांच्या सूचनांत तसे स्पष्ट म्हटले आहे. हे मी वाचून दाखवले. चिटणीस म्हणाले, "मंत्रालयाची नसेल, आमची आहे."

खरा विरोध दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा होता. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, पुण्यातही एक भर रस्त्यात पेटली, ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेले नाही. मी सांगितले, की त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. ते म्हणाले, "नियम कडक झाले, जिना एकच राहिला. जिन्याशी आग लागली तर मी उतरणार कुठून?" मला उत्तर सुचेना, कारण उत्तर नव्हते. मास्तरांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मी म्हणालो, जिन्याशी नको, मागच्या कुंपणाच्या भिंतीला, पत्र्याखाली लावू. वायर आठ मीटर वाढेल, वाढू दे. मास्तर तरीही नाहीच म्हणत होते. तेवढ्यात त्यांना एक गोष्ट उमगली.

"आज तुम्ही ती बॅटरी भरता कुठे?"

"घरात. दिवाणखान्यात."

"म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर!"

"होय. चार वर्षं."

मास्तरांनी उपरण्याने कपाळ पुसले आणि ठरावाला स्वतःच अनुमोदन दिले. फक्त एक अट घातली: रात्री अकरानंतर प्लग बंद. सगळे झोपले असताना काही भरत राहता कामा नये. ठराव एकमताने मंजूर झाला. दोन दिवसांत वायरमनने काम पुरे केले.

आणि इथेच माझा हिशेब फिरला. प्लग हवा होता नव्या गाडीसाठी. पण तो लागताच पहिला फायदा झाला जुनीचा. बॅटरी गाडीतच ठेवून भरता येऊ लागली. चोपन्न पायऱ्या संपल्या. संध्याकाळी साडेसहाला लावली की अकराच्या आत काठोकाठ. उलट मोठी गाडी रिकामी झाली तर तिला भरायला रात्रीचा बराच भाग लागणार, आणि अकराला मास्तर खिडकीत उभे. शिवाय तिचे वजन २०७ किलो. माझीच्या दुपटीला थोडे कमी. आमच्या मागच्या अंगणात गाडी वळवायची जागा म्हणजे एक तुळशीवृंदावन आणि एक चिटणिसांची मोटार, यांच्यामधली. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर मी ती मागे घेतली तेव्हाच पोऱ्याने नकळत एक हात लावला होता. तो मला तेव्हा दिसला नव्हता, आता आठवला.

तरी ते अधोरेखित वाक्य वहीत होतेच. अडीअडचणीला रात्री निघता येणार का? एकदा करून पाहिल्यावाचून कळणार नव्हते. नवरात्रात अष्टमीच्या पहाटे साडेचारला, काचेवर १०० चा आकडा पाहून निघालो. पहिली चाल सोडायची नाही असा पण. कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत ट्रकवाले मला पाहून हॉर्न वाजवत होते. पुढे मी डावी कड धरली आणि त्यांनीही माझा नाद सोडला. शिरवळला नीरा ओलांडताना उजाडले. पूल संपला तेव्हा काचेवर ५० होते. खंबाटकी चढताना बॅटरी पाच टक्के खाली गेली. पाचच! वहीतला घाटाचा हिशेब थोडा चुकला होता, पण जिवावर बेतण्याइतका नाही. सुरूरला महामार्ग सोडून वाईच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन पाठीवर आले होते आणि शेतांतून हळदीचे पाते डोलत होते. आळीत शिरलो सात वाजायच्या सुमारास. आकडा ११.

आक्का ओसरीवर बसली होती. प्लॅस्टर कधीच निघाले आहे. मनगट थंडीत दुखते म्हणते. तिला मी येणार हे कळवले होते, कशासाठी ते सांगितले नव्हते. गाडी अंगणात लावली. तिने आधी गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हीच का ती? मोठी घेणार होतास ना?"

"पाडव्याला घ्यायचीय. ही बघायची होती, येते का इथवर."

"आली की."

"आली. पण परत जायला भरावी लागेल. चार-साडेचार तास. बॅटरी काढून आत आणतो, माजघरात प्लग आहे ना?"

"माजघरात कशाला?" आक्का उठली, भिंतीला धरून ओसरीच्या टोकाला गेली आणि खांबामागे बोट दाखवले. तिथे नवाकोरा जाड प्लग होता, लाकडी पाटीवर बसवलेला, वर पत्र्याची छोटी टोपी. पाटीला अजून रंगाचा वास येत होता.

"गणपतीत वायरमन आला होता पंख्यासाठी. त्याला म्हटलं, माझ्या भावाची गाडी विजेची आहे, पुण्याहून येते, तिला इथं प्यायला हवं. तो म्हणाला, साधा नको, पंधराचा लावू. तीनशे रुपये घेतलेन्. जास्त झाले का रे?"

मी म्हणालो, जास्त नाही झाले.

प्लग लावला. हिरवा दिवा लागला. चार तास हाताशी होते, म्हणून आक्काने सोलायला पावटे दिले. दोन पाट्या झाल्या. अकराच्या पुढे मी शोरूमला फोन केला आणि पाडव्याचे नाव काढून टाकायला सांगितले. पलीकडचा मुलगा सभ्य होता. त्याने विचारले, "सर, दुसरी कुठली गाडी घेतलीत का?" मी म्हटले, नाही, वाईला एक प्लग घेतला. त्याला काही उमगले नसावे. नोंदणीचे पैसे आठ दिवसांत परत येतील म्हणाला, आणि आलेही.

आता गाडी रोज रात्री अकराला काठोकाठ भरलेली असते. बॅटरी त्यामुळे वर्षभर लवकर थकेल, थको. काल मास्तरांनी जिन्यात गाठून विचारले, की त्यांचा मुलगा पाडव्याला विजेची स्कूटर घेतो म्हणतो, तर माझ्या पेटीशेजारी आणखी एक पेटी बसेल का.